गरीब व्हायचा मंगळवार

फ्लेक्स उतरवण्याचा ठराव घरात चार विरुद्ध एक अशा मतांनी मंजूर झाला. विरुद्धचं एक मत फ्लेक्सवरच्या माणसाचं होतं.

एसटी थांब्यासमोर, लिंबाच्या झाडाला आणि विजेच्या खांबाला ताणून बांधलेला तो फ्लेक्स आठ दिवसांपासून गावात येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होता. वर आप्पाराव, सत्तराव्या वाढदिवसाचा फेटा बांधून. त्याखाली 'प्रगतशील बागायतदार'. दोन वर्षांपूर्वी विहिरीला पाणी लागलं त्या रात्री आप्पाराव शेतकरी म्हणून झोपले आणि सकाळी बागायतदार म्हणून उठले, तेव्हापासून ही पदवी वापरात होती. सगळ्यात खाली शुभेच्छुकांची रांग. रांगेत पहिले त्यांचे मेव्हणे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, केवळाबाईंचे थोरले भाऊ, गंगाखेडचे रायभानमामा. त्यांच्या नावापुढे 'कायदेतज्ज्ञ' असं छापलेलं होतं. मामा कायदा कुठल्या कॉलेजात शिकले नव्हते. बांधाच्या एका भांडणापायी गंगाखेडच्या कोर्टात त्यांनी एकोणीस वर्षं तारखा केल्या होत्या आणि शेवटी ते हरले होते. इतकी वर्षं तर वकीलसुद्धा एका केसमध्ये टिकत नाही, असं ते म्हणत.

तर ज्याने हा फ्लेक्स लावायचा सल्ला दिला होता तोच मेव्हणा आता तो उतरवायला सांगत होता, याचं आप्पारावांना जास्त लागलं होतं.

"दाजी, उद्या तलाठी मॅडम येयलेत," मामा म्हणाले. "त्या एसटी थांब्यावरूनच येणार. आधी फ्लेक्स बगणार आन मग तुमची गरिबी बगणार. जमतंय का ते?"

"मग गरीबच कामून व्हायचं म्हणतो मी?"

हा प्रश्न आप्पारावांनी सकाळपासून चौथ्यांदा विचारला होता आणि त्याचं उत्तर समोरच भिंतीला टेकून बसलं होतं. त्यांची लेक पंकजा. पंकजा जिंतूरहून माहेरी आली त्याला आता दीड वर्ष होत होतं. कशी आली, का आली, ते सगळं झालं होतं, रडूनही झालं होतं, आणि बैठकीही बसून उठल्या होत्या. नवीन होती ती गेल्या महिन्यातली नोटीस. तिच्या नवऱ्याने, प्रीतमने, सहा वर्षांच्या दीपिकाचा ताबा आपल्याला मिळावा म्हणून परभणीच्या कोर्टात अर्ज टाकला होता. दीड वर्षात त्याने पोरीला दोनदा फोन केला होता, त्यातला एक चुकून लागला होता.

पहिल्या तारखेला पंकजा एकटीच गेली. तिच्या नावाचा पुकारा झाला, ती उभी राहिली, आणि समोरच्या वकिलाने एवढं काही बोलून टाकलं की त्यातली आई म्हणजे आपणच हे तिला शेवटी-शेवटी कळलं. न्यायाधीशांनी तिला विचारलं, तुमचा वकील कुठं आहे. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, बाई, पुढच्या तारखेला वकील घेऊन या. ऐपत नसेल तर इथंच विधी सेवेच्या ऑफिसात अर्ज करा, मोफत मिळेल. पण मोकळ्या हातानं पुन्हा येऊ नका, तुमच्या बाजूनं बोलायला कुणी नसलं तर निकाल एकाच बाजूचं ऐकून द्यावा लागतो.

पुढची तारीख गुरुवारची होती. आज सोमवार.

'मोफत' हा शब्द घरात आल्यापासून घराच्या दोन फळ्या पडल्या होत्या. आप्पारावांची फळी म्हणत होती की बागायतदाराची लेक फुकटच्या वकिलाच्या मागं उभी राहिली तर थांब्यावर तोंड दाखवता येणार नाही. वकील मी करतो, परभणीतला सगळ्यात मोठा. हे ते तीन आठवडे म्हणत होते. मोठ्या वकिलाने फी सांगितली तेव्हा ते ऑफिसातून ताठ मानेने उठले आणि एसटीत बसल्यावर म्हणाले की त्या माणसाची नजर काही आपल्याला पसंत पडली नाही.

दुसऱ्या फळीत पंकजाचा थोरला भाऊ भारत होता. भारतचं मत आधी असं होतं की कोर्टकचेरी करूच नये, चार माणसं घालून मिटवावं, रविवारी पोरीला तिकडं पाठवावं. फी ऐकल्यावर हे मत पक्कं झालं होतं. पण वकील फुकट मिळतो म्हटल्यावर तो एकदम बहिणीच्या बाजूने उभा राहिला आणि अन्याय सहन करायचा नाही असं बोलू लागला. केवळाबाई जिथं भाऊ तिथं. आणि भारतची बायको राजेश्री दोन्ही फळ्यांना चहा देत होती.

मामांचा सिद्धांत सोपा होता. घरकुल असो, पोरांची स्कॉलरशिप असो, काही असो, सरकारी दारात आधी गरीब व्हावं लागतं, मगच आत घेतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला. दाखल्याचा अर्ज त्यांनी शनिवारीच पालमच्या सेतू केंद्रातून पंकजाच्या नावानं भरून ठेवला होता. आता राहिली तलाठ्याची चौकशी. उद्या दुपारी दोन तास घर गरीब दिसलं की काम झालं.

"दोन तासच हायेत दाजी," ते म्हणाले. "लोकं सारी जिंदगी काढतेत."

आप्पारावांनी फ्लेक्सला परवानगी दिली, पण दोरी कापायची नाही, सोडायची, अशी अट घातली.

*

राजेश्री जिंतूरचीच. पंकजाच्या सासरचं घर तिच्या माहेरापासून तीन गल्ल्या पलीकडे. ही सोयरीक तिच्याच वडिलांनी सुचवली होती, आणि दीड वर्षात कुणी तसं बोलून दाखवलं नसलं तरी भाजीत मीठ जास्त पडलं की तिला तीच गोष्ट आठवे. घरात सगळ्यांना वाटे की नणंदेचं राहणं राजेश्रीला जड जातं. तिलाही तसं वाटे, दुपारपर्यंत. दुपारी दोघी मिळून गव्हातले खडे वेचायला बसल्या की ते विसरायला होई.

मंगळवारी सकाळी घर गरीब करायला सुरुवात झाली तेव्हा मामा हातात काठी घेऊन एकेक वस्तू दाखवत होते आणि भारत ती उचलत होता. टीव्ही. कूलर. भारतची मोटारसायकल. मिक्सर, मामा म्हणाले, डब्यात लपतो, राहू द्या. फ्रिजपाशी केवळाबाई आडव्या आल्या. फ्रिज त्यांचा पाच वर्षांचा होता आणि त्यात कालचं दूध होतं. गेल्या चाळीस वर्षांत भावाचं म्हणणं त्यांना पहिल्यांदा पटलं नाही. मामांनी मग फ्रिजवर गोधडी टाकून बघितली. गोधडीखालचा फ्रिज गोधडीखालच्या फ्रिजसारखाच दिसत होता, शिवाय घरघरत होता. शेवटी तोही निघाला.

सामान ठेवायचं कुठं याला एकच जागा होती. कुंपणापलीकडे बायनाबाईचं पत्र्याचं घर आणि शेळ्यांचं छप्पर. बायनाबाई एकटी, चार शेळ्या, मिळेल ती मजुरी. तिच्याकडे कुणी काही बघायला येईल अशी शंका घेण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. केवळाबाईंनी तिला शपथ घातली की काही झालं तरी हे सामान कुणाचं ते सांगायचं नाही. बायनाबाईनं फ्रिजला हात लावून बघितला, गार आहे म्हणाली, आणि शपथ घेतली.

आत पंकजा शिलाई मशीन पुसत होती.

"हीबी जायलीय का?" राजेश्रीनं विचारलं.

"मामा म्हणायलेत कमाईचं साधन हाय. पहिली उचला म्हणले."

राजेश्री दारात उभी राहिली. अंगणात कुणी ऐकत नाही असं बघून ती आत आली आणि खाली बसली.

"ताई, एक सांगू का. राग नका धरू."

"धरून जाणार कुठं मी. सांगा."

"आज कागदावर येणार की ह्या घरात कायी न्हाई. खायला न्हाई, कमवायला न्हाई. तो कागद गुरुवारी कोर्टात लागणार. त्यायचा वकील तो वाचणार न्हाई का?"

पंकजाचं फडकं थांबलं.

"मी जिंतूरची हाय," राजेश्री म्हणाली. "वळखते मी त्या लोकायला. तो वकील हुबा राहून म्हणल, साहेब, पोरीच्या आजोळी दोन वेळचं न्हाई, हे त्यायनीच लिहून दिलंय. पोरगी बापाकडं बरी."

भारत आत आला, मशीन खांद्यावर घेतली आणि निघून गेला. मशीन पंकजाने माहेरी आल्यावर चौथ्या महिन्यात घेतली होती, ब्लाउज शिवून, हप्त्यानं, स्वतःच्या नावावर. शाळेच्या साठ गणवेशांचं काम अर्धं झालं होतं. मशीन गेल्यावर खोलीत निळ्या कापडाचा गठ्ठा राहिला आणि जमिनीवर मशीनच्या पायांच्या चार खुणा.

"तुमी हे समद्यांसमोर कामून न्हाई सांगितलं?" तिनं विचारलं.

"मला कोन इचारायलंय," राजेश्री म्हणाली आणि गहू घ्यायला उठली.

*

बायनाबाईनं निराधार योजनेचा अर्ज केलेला होता. तलाठी मॅडम गावात येणार होत्या त्या मुळात तिच्या चौकशीसाठी. हे बायनाबाईनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

मॅडम स्कूटीवरून आल्या. पंचविशीच्या असतील, मान खाली घालून लिहिणाऱ्या. इकडे आप्पाराव फाटकी बंडी घालून ओसरीवर भुईलाच बसले होते. खाली बसायची सवय मोडलेली असल्यानं एक पाय झोपला होता. मामांनी त्यांना पढवून ठेवलं होतं की शेतीचं विचारलं तर कोरडवाहू म्हणायचं आणि त्यापुढचं काही विचारलं तर खोकायचं. स्कूटी त्यांच्या दारावरून पुढे गेली आणि बायनाबाईच्या फाटकाशी थांबली. मामांनी घड्याळ बघितलं. काहीतरी चुकतंय हे त्यांच्या लक्षात आलं, पण एकोणीस वर्षांत त्यांना ते नेहमी असंच, निकालाच्या वेळी लक्षात येत आलं होतं.

शेळ्यांच्या छपराशेजारी सामानाचा ढीग होता. त्यावर पावसापाण्याचं म्हणून भारतने फ्लेक्स टाकला होता, छापील बाजू खाली. सकाळपासून एका शेळीने त्याचा कोपरा चघळून, ओढून तो अर्धा उलटा केला होता. त्यामुळे मॅडम आत आल्या तेव्हा फ्रिजवर फेटा बांधलेले आप्पाराव हात जोडून उभे होते आणि त्यांच्या पोटातून मोटारसायकलचं हँडल बाहेर आलं होतं.

मॅडमनी बराच वेळ त्याकडे बघितलं.

"बायनाबाई, हा फ्रिज तुमचा?"

"न्हाई मॅडम."

"मोटारसायकल?"

"मला सायकलबी येत न्हाई."

"मग कुणाचं आहे हे?"

बायनाबाई शपथेला जागणारी. "ते मला सांगता येत न्हाई," ती म्हणाली आणि फ्लेक्सकडे बघायचं टाळू लागली.

मॅडमचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. त्या म्हणाल्या, बघा बाई, तुमच्या आवारात जे दिसतंय ते मला तुमचंच धरावं लागेल. मग तुमचा अर्ज पुढे जायचा नाही. तुम्हाला दुसरं कुणी नाही, एवढं मला दिसतंय, पण फ्रिजही दिसतोय.

"धरा मग," बायनाबाई म्हणाली. "शपत हाय."

कुंपण तुराट्यांचं होतं. पलीकडचं सगळं अलीकडे ऐकू येत होतं. केवळाबाईंनी पदर तोंडाला लावला. भारतला अचानक विहिरीवरची मोटार बघून यायचं आठवलं, पण राजेश्री दारात उभी होती आणि ती बाजूला झाली नाही. आप्पाराव उठायला लागले. मामांनी त्यांची बंडी मागून धरली.

"दाजी, खोका."

आप्पाराव खोकले. पढवलेलं वाया जाऊ नये म्हणून दोनदा खोकले. मग बंडी टर्रकन फाटली, आधीच फाटकी होती ती आता खरोखरची फाटली, आणि ते झोपलेला पाय ओढत फाटकाकडे गेले.

"फ्रिज माझा हाय," त्यांनी सांगितलं.

"तुम्ही...?" मॅडमनी विचारलं आणि फ्लेक्सकडे, मग त्यांच्याकडे बघितलं. "अच्छा."

"मोटारसायकल पोराची. पण पोरगं माझं हाय. कूलर माझा. टीव्ही माझा. ह्या बाईचं इथं चार शेळ्यांशिवाय कायी न्हाई, तेवढं लिहा." एवढं बोलून ते थांबले असते तरी चाललं असतं. पण दोन दिवस बागायतदारी दाबून धरलेली होती. न विचारता त्यांनी विहीर सांगितली, विहिरीची खोली सांगितली, तीन एकर ऊस सांगितला आणि पुढच्या वर्षी ठिबक करायचा विचार सांगितला. ओसरीवर रायभानमामा डोकं धरून बसले. प्रत्येक वाक्यागणिक दाखला एकेक फूट लांब जाताना त्यांना दिसत होता.

"आणि ही शिलाई मशीन?" मॅडमनी विचारलं.

"तीबी आमचीच..."

"ती माझी हाय."

पंकजा कधी येऊन उभी राहिली ते कुणी बघितलं नव्हतं. ती पुढे झाली आणि फ्लेक्सचा उरलेला भाग तिनं मशीनवरून काढला.

"माझी एकटीची. माझ्या नावावर पावती हाय. शाळंचे गणवेश शिवते मी."

मॅडमनी वही उलटली. पंकजाच्या नावाचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज तिथं होताच. हा तुमचाच ना, त्यांनी विचारलं, मग आता काय लिहू. मी बघितलं तेच लिहीन बरं का.

"कायी लिहू नका. अर्ज माघारी घेते मी."

मामा कुंपणापलीकडून उभे राहिले. कागद नाही तर वकील नाही, ते म्हणाले, आणि वकील नाही तर परवा काय होईल ते कळतंय का तुला.

"कळतंय मामा," पंकजा म्हणाली. "हुबी राहीन एकटी. पण माझ्या पोरीच्या घरात खायला न्हाई, असं मी माझ्या हातानं लिहून देणार न्हाई. उद्या तेच कागद घेऊन ते तिला नेतेल."

मामांनी तोंड उघडलं. कायद्याच्या बाजूनं बघितलं तर यात काहीतरी तथ्य होतं, आणि ते त्यांच्या आधी दुसऱ्याला सुचलं होतं. त्यांनी तोंड मिटलं.

मॅडम म्हणाल्या की वकिलाला काय कागद लागतात ते मला माहीत नाही, ते कोर्टातच विचारा. मग त्यांनी बायनाबाईची सही घेतली, म्हणजे अंगठा घेतला, आणि जाताना बायनाबाईनं त्यांना फ्रिजमधलं गार पाणी दिलं. शेळ्यांच्या दिव्याच्या वायरवर तिनं तो सकाळीच चालू केला होता.

*

बुधवारी सकाळी आप्पाराव म्हणाले, मी सोबत येतो. कुणी का म्हणून विचारलं नाही. काय घालून जायचं याचा मात्र अर्धा तास घोळ झाला. फेटा बांधला तर वकील मिळायचा नाही आणि फाटकी बंडी घातली तर पोरगी जायची. शेवटी धुतलेलं धोतर आणि तुटकी चप्पल असा मध्यम मार्ग निघाला. एसटीत मामा आपणहून पुढच्या सीटवर जाऊन बसले. राजेश्रीनं मीही येते म्हणून सांगितलं आणि दीपिकाची वेणी घालून तिला शाळेत सोडायचं काम भारतवर टाकलं. पालमहून गाडी निघाली तेव्हा भारतचा फोन आला की केसांचे भाग तीन करायचे की चार.

परभणीच्या कोर्टाच्या आवारात विधी सेवेचं ऑफिस शोधायला वेळ लागला नाही. आत टेबलामागे एक पोक्त कारकून आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर काळा कोट घातलेला एक तरुण वकील, सिद्धोधन, त्या दिवशी तिथं बसायची त्याची पाळी होती. पंकजाने रात्रभर मनात रचलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. दाखला नाही. वडिलांची विहीर आहे, तीन एकर ऊस आहे. घरात फ्रिज आहे. मी स्वतः मशीन चालवते, महिन्याला थोडं मिळतं. मला गरीब दाखवता येत नाही साहेब, पण वकील पाहिजे. उद्या तारीख आहे, आणि माझी पोरगी सहा वर्षांची आहे.

कारकुनाने चष्मा काढला. "तुम्हाला गरीब व्हायला सांगितलं कुणी?"

तिघांनी एकाच वेळी एका माणसाकडे बघितलं.

"बाईला उत्पन्नाची अट नाही," कारकून म्हणाले. "नवऱ्याविरुद्धची केस असो, पोरांची असो, कुठलीही. तुमचं उत्पन्न किती, वडिलांचं किती, आम्ही विचारतच नाही. आधारकार्ड आणलंय ना? बस."

"निस्तं बाई हाय म्हणून?" आप्पारावांनी विचारलं.

"निव्वळ बाई आहे म्हणून. तिथं लिहिलंय बघा."

भिंतीवर पाटी होती. मोफत वकील कुणाला मिळतो त्याची यादी, मोठ्या अक्षरात, आणि त्यात 'महिला' हा शब्द इतका ठळक की आप्पारावांना चष्म्याशिवाय वाचता आला. रायभानमामा पाटीकडे बघत राहिले. अशीच पाटी गंगाखेडच्या कोर्टातही होती. एकोणीस वर्षं ते तिच्याच खालच्या बाकावर बसत आले होते, पाटीकडे पाठ करून, कारण तिथून पुकारा नीट ऐकू येई.

"बारा वर्षं झाली माझ्या लग्नाला," राजेश्री पंकजाच्या कानात म्हणाली. "बाई असल्याचा पहिला फायदा आज बगायले."

आप्पारावांना अजून पटत नव्हतं. विहीर असली तरी, त्यांनी विचारलं. कारकून म्हणाले, आजोबा, चार विहिरी असल्या तरी. मग दोन दिवसांचा सगळा खटाटोप, ती बंडी, ते खोकणं, त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून उतरत गेलं. ते टेबलावर वाकले.

"आन त्या जावयानं मागितला फुकटचा वकील, तर?"

"साध्या पुरुषाला उत्पन्नाची मर्यादा आहे. त्याला दाखला लागेल."

"म्हंजी त्याला गरीब व्हावं लागंल." आप्पाराव पहिल्यांदाच खुर्चीवर नीट टेकून बसले. "होऊ द्या. लय अवघड असतंय ते."

सिद्धोधन वकिलाने खुर्ची ओढून पंकजासमोर घेतली. नोटीस वाचली, मग बाजूला ठेवली. त्याने विचारलेले प्रश्न पंकजाच्या अपेक्षेतले नव्हते. पोरीला सकाळी कोण उठवतं. शाळेत कोण सोडतं. तिला ताप आला तर कुणाला कळतं. झोपताना ती कुणाच्या अंगावर पाय टाकते. पंकजा उत्तरं देत गेली आणि त्याने खाली मान घालून लिहिलं. मध्येच आप्पारावांनी विहिरीची खोली सांगितली.

"विहीर राहू द्या आजोबा," तो म्हणाला. "ताई, मशीनची पावती आहे म्हणालात ना? ती उद्या आणा. आई स्वतः कमावते, पोरगी शाळेत जाते, घरात माणसं आहेत. जे खरं आहे तेच सांगायचंय आपल्याला. निकाल काय लागेल ते मी आज सांगणार नाही. पण उद्या अकरा वाजता तुमच्या नावाचा पुकारा झाला की दोघं उभे राहू."

पंकजाने मान हलवली. दीड वर्षात तिच्याशी बोलताना 'दोघं' असं कुणी म्हटलं नव्हतं.

कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. नाव, पत्ता, वय. उत्पन्नाच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते सोडून द्या म्हणाले. रायभानमामांनी दुसरीकडे बघितलं. त्याखाली व्यवसाय. पंकजा जरा थांबली. आधारकार्डापासून सगळीकडे आजवर तिचं 'गृहिणी' असंच लिहिलं गेलं होतं, आणि ते नेहमी दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं. तिनं लिहिलं, शिवणकाम.

आप्पाराव तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. बराच वेळ त्यांनी तो शब्द बघितला. मग इकडे तिकडे नजर टाकून तिच्या कानाशी आले.

"त्याच्या आधी प्रगतशील लिही."

"आप्पा."

"लिही म्हणतो मी. आपल्या घरात तसं लिहायची पद्धत हाय."

रकान्यात जागा थोडीच उरली होती. पंकजाने बारीक अक्षरात तो शब्द बसवला. कारकुनाने अर्ज हातात घेतला, वाचला, चष्मा सारखा केला, एकदा आप्पारावांच्या तुटक्या चपलेकडे बघितलं आणि शिक्का मारला.